तगरपूरचे राजे आणि तेरचे कुंभार

लातूर-नांदेडकडील शेतकऱ्यास समुद्र भेटावयाचा तो पुराणांत आणि कीर्तनांत. पश्चिमेचा समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. पूर्वेचा, गोदावरी जेथें जाऊन संपते तेथें. तरीहि 'समुद्र' हा शब्द या मुलुखास अगदींच परका नाहीं. नांदेड जिल्ह्यांत कंधार येथें राष्ट्रकूटांच्या काळीं एक विस्तीर्ण तलाव बांधण्यांत आला, आणि जगत्तुंग या राजनामावरून त्यास 'जगत्तुंगसमुद्र' असें नांव मिळालें. अवर्षण ज्यांच्या पाठीस कायमचें लागलेलें, त्या लोकांनीं तलावास समुद्र म्हणावें, यांत अतिशयोक्ति असली तरी ती क्षम्य आहे. परंतु याच टापूंत एक गांव असें आहे कीं, ज्याचा संबंध खऱ्या, खाऱ्या पाण्याच्या समुद्राशीं दोनदां आला: एकदां व्यापाराच्या निमित्तानें व एकदां नुसत्या नांवाच्या निमित्तानें. तें गांव म्हणजे तेर.

लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर ढोकी हें स्टेशन लागतें; तेथून कांहीं मैलांवर तेरणा नदीच्या कांठीं तेर वसलें आहे. १९८२ सालीं लातूरचा जिल्हा निराळा झाला, तोंपर्यंत लातूर व तेर हीं दोन्ही उस्मानाबाद जिल्ह्यांतच मोडत. आतां तेर हें धाराशिव जिल्ह्यांत आहे. तेरणेचें पाणी मांजरेस मिळतें, मांजरा नांदेड जिल्ह्याच्या सीमेजवळ गोदावरीस मिळते, आणि अशा रीतीनें तेरच्या ओढ्यांत पडलेला पाऊस अखेर पूर्वसमुद्रास जाऊन पोंचतो. गांवाभोंवतीं काळी जमीन, आणि गांवाच्या अंगास पांढरीचीं टेकाडें. काळींत पेरावें व पांढरींत राहावें, ही इकडील जुनी वहिवाट. मातीचीं माळवदी घरें पडावींत, त्याच जागीं पुन्हां नवीं उठावींत, असें शतकानुशतकें चाललें म्हणजे जमिनीस जी उंची येते तिचें नांव पांढर. तेरची पांढर दोन हजार वर्षांहून अधिक जुनी आहे. एखाद्या खेड्याची पांढर वाढते ती बहुधा अशी सावकाश वाढते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें किल्लारीच्या भूकंपानें याच तेरणेच्या खोऱ्यांत, खालच्या अंगास, गांवेंच्या गांवें हजारों माणसांसह एका क्षणांत मातींत मिळविलीं. तेर त्यांतून वांचलें.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिसर देशांत राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्यानें आपल्या धंदेभाईंकरितां एक लहानसें पुस्तक लिहिलें. तें 'पेरिप्लस' या नांवानें प्रसिद्ध आहे. पुस्तकांत वाङ्मयीन डौल मुळींच नाहीं. कोणत्या बंदरांत काय खपतें, कोठें खडक आहेत, कोठला राजा जकातीस कडक आहे, असा सारा रोकडा मजकूर. भडोच बंदराची हकीकत सांगतां सांगतां हा ग्रंथकार दक्षिणापथांतील दोन बाजारपेठांचा विशेष उल्लेख करतो. पहिली पैठण, ती भडोचेच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, ती पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांच्या वाटेवर, आणि तें शहर फार मोठें आहे असें तो म्हणतो. पैठणहून गोमेदासारखे दगड येत. तगरहून पुष्कळसें साधें कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल, आणि एका विशिष्ट रंगाचें तलम वस्त्र. हा सारा माल मोठ्या बिकट, वाटा नसलेल्या मुलुखांतून गाड्यांवर लादून भडोचेस आणीत. याच जागीं तो आणखी एक गोष्ट जातां जातां नोंदून ठेवितो: समुद्रकांठच्या प्रदेशांतील कित्येक जिन्नसहि आधीं तगरास येतात आणि मग पुढें जातात. हा समुद्रकांठ पूर्वेचा असला पाहिजे. मसुलीपट्टणच्या बाजूनें निघून दख्खन चढून येणारी एक वाट तगरास येऊन मिळत असे, असें विद्वानांनीं यावरून अनुमानिलें आहे.

म्हणजे एका समुद्राचा माल येथें उतरावयाचा व दुसऱ्या समुद्रास येथून निघावयाचा. दोन्ही किनाऱ्यांपासून दूर असणें हेंच तगरच्या भाग्याचें कारण झालें. बैल थकावे, मालाची बदली व्हावी, नव्या गाड्या जुंपाव्या, अशी ती मधली जागा होती. शिवाय कापसाची काळी जमीन भोंवतीं होतीच.

पण एक शंका उरते. तेरहून जवळचा पश्चिम किनारा म्हणजे कोंकणचा. कल्याण आणि चौल हीं तेव्हांहि बंदरें होतीं. मग हें कापड महिनाभर गाडीवर हिंदळत थेट भडोचेस कां जावें? याचें उत्तरहि त्याच पुस्तकांत आहे. पूर्वीं एका सातकर्णीच्या अमदानींत कल्याणचें बंदर व्यापारास खुलें होतें. पुढें तें दुसऱ्याच्या हातीं गेलें आणि तेथील व्यापारास आडकाठी झाली. चुकून एखादें ग्रीक जहाज तेथें गेलेंच, तर तें पहाऱ्यांत भडोचेस नेत. सातवाहन आणि क्षहरात यांच्या वैराची ती झळ होती असें दिसतें. तेरच्या साळ्यास या राजकारणाची वार्ताहि नसेल; परंतु त्याच्या मागावरून उतरलेल्या कापडानें कोणत्या वाटेनें जावें, हें मात्र त्या वैरानें ठरविलें.

त्या व्यापाराच्या खुणा तेरच्या पांढरींत पुष्कळ सांपडल्या आहेत. रोमन धर्तीचे मातीचे दिवे आहेत. पांढऱ्या चिकणमातीच्या, दोन साच्यांत घालून काढलेल्या पोकळ मूर्ति आहेत. हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ति आहे. ती उंचीस वीतभरहि नाहीं, परंतु अलंकारांनीं लवलेली आणि घाट मोठा डौलदार. इटलींत पाँपेई येथें १९३८ सालीं एका घरांत अशीच भारतीय हस्तिदंती मूर्ति सांपडली. पाँपेई हें इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें, तेव्हां ती मूर्ति त्यापूर्वीं तेथें गेली हें निर्विवाद. तेर आणि भोकरदन येथील मूर्तींशीं तिचें इतकें साम्य आहे कीं, ती दख्खनांतूनच गेली असावी असें मानणारे पुष्कळ आहेत.

परंतु या साऱ्यांहून मनोवेधक वस्तु म्हणजे मातीचीं नाणीं. रोमन बादशहाचें मस्तक ज्यावर आहे अशा सोन्याचांदीच्या नाण्यावरून ठसा घेऊन तेरच्या कारागिरानें मातींत हुबेहूब प्रतिकृति काढल्या, आणि गळ्यांत घालतां यावें म्हणून त्यांस भोंकें किंवा कड्या ठेविल्या. खरें नाणें सावकाराच्या पेटींत गेलें असेल. गरिबाच्या पोरीच्या गळ्यांत मातीचा बादशहा आला. ज्या समुद्रापलीकडून तें मूळ नाणें आलें, तो त्या कुंभारानें कधीं पाहिला नसेल.

हा पहिला संबंध. रोमन व्यापार ओसरला तसें तगरचें मोठेंपणहि ओसरत गेलें. इ. स. ६१२ च्या, दुसऱ्या पुलकेशीच्या एका ताम्रपटांत दान घेणारा ब्राह्मण तगरचा राहणारा आहे, म्हणजे तोंवर गांव व नांव दोन्ही कायम होतीं. त्यानंतर मात्र तगरचें नांव ऐकूं येतें तें भलत्याच दिशेकडून: कोंकणच्या किनाऱ्यावरून.

नवव्या शतकाच्या आरंभापासून उत्तर कोंकणांत शिलाहार घराणें राष्ट्रकूटांचें मांडलिक म्हणून राज्य करूं लागलें. पुरी ही त्यांची राजधानी, चौदाशें गांवांचें कोंकण हा त्यांचा मुलुख, आणि ठाणें, सोपारें, चौल हीं त्यांचीं बंदरें. अंबरनाथचें शिवालय त्यांच्याच काळचें. त्यावरील लेख इ. स. १०६० चा आहे. अरब प्रवासी मसूदी हा इ. स. ९१६ मध्यें चौलास आला, तेव्हां तेथें झंझ नांवाचा शिलाहार राजा होता, आणि बंदरांत मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती असल्याचें मसूदीनें लिहिलें आहे. असे हे समुद्रावर जगणारे राजे. आणि त्यांच्या ताम्रपटांतून त्यांचें पिढीजात बिरुद काय, तर 'तगरपुरपरमेश्वर'! कोल्हापूरकडे राज्य करणारी त्यांची दुसरी शाखाहि स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवी. वास्तविक तगर यांच्यापैकीं कोणाच्याहि राज्यांत नव्हतें. तें आधीं राष्ट्रकूटांच्या व मग कल्याणीच्या चालुक्यांच्या मुलुखांत होतें. पण घराणें मूळचें तेथलें, ही आठवण त्यांनीं बिरुदांत गुंडाळून जपली होती.

खुद्द राष्ट्रकूटांचीहि तीच कथा. इ. स. ८६६ च्या सुमाराच्या लेखांत पहिला अमोघवर्ष हा 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवितो. त्याची राजधानी मान्यखेट, साम्राज्य नर्मदेपासून खालपर्यंत, आणि अभिमान मात्र लट्टलूरचा, म्हणजे आजच्या लातूरचा. डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनीं १९३४ सालच्या आपल्या राष्ट्रकूटांवरील ग्रंथांत हें समीकरण पुरस्कारिलें, आणि तें आतां बहुतेक मान्य झालें आहे. तेर आणि लातूर हीं एकमेकांच्या शेजारचीं. सम्राट एका गांवचे आणि त्यांचे समुद्रकांठचे मांडलिक शेजारच्या गांवचे, हा योगायोग म्हणून सोडून देणें कठीण आहे. नव्या जिंकलेल्या किनाऱ्यावर धन्यानें आपल्या मुलुखांतलीं ओळखीचीं माणसें नेमावींत, हें राजकारणांत नेहमींचेंच.

या घराण्याच्या दक्षिण कोंकणच्या तिसऱ्या शाखेनें तगरचें बिरुद लावलें नाहीं. परंतु समुद्राशीं त्यांचें नातें कसें होतें तें तिच्याच एका ताम्रपटांत उत्तम दिसतें. वाघोटनच्या खाडींत बरेंच आंत असलेल्या खारेपाटण या लहानशा गांवीं तो सांपडला. तो रट्टराजाचा, इ. स. १००८ चा असून त्याचें वाचन पहिल्यानें बाळशास्त्री जांभेकर यांनीं प्रसिद्ध केलें. त्यांत देवस्थानास लावून दिलेल्या उत्पन्नांत, द्वीपांतराहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागें सोन्याचा एक गद्याण, अशी बाब आहे. तेली, माळी, कुंभार, परीट यांचीं कुटुंबेंहि देवाच्या सेवेस नेमून दिलेलीं आहेत. कोंकणच्या खाडीकांठचें गांव तेव्हां कशावर चालत असे, तें या चार ओळींत जितकें कळतें तितकें मोठमोठ्या वंशावळींतून कळत नाहीं.

'तगरपुरपरमेश्वर' हें बिरुद किनाऱ्यावर साडेचारशें वर्षांच्या आसपास चाललें. त्याचा शेवटहि समुद्रांतच झाला. देवगिरीच्या महादेव यादवानें इ. स. १२६५ च्या सुमारास कोंकणावर चाल केली, तेव्हां शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर गलबतांत बसून निघाला आणि आरमारी लढाईंत बुडून मेला. यादवांचा प्रधान हेमाद्रि यानें त्यावर कोटी केली आहे कीं, सोमेश्वरानें महादेवाच्या क्रोधाग्नीपेक्षां समुद्रांतला वडवाग्नि बरा मानला. विजयी पक्षाच्या प्रधानास असली कोटी सुचावी यांत नवल नाहीं. बुडणाऱ्याची बाजू मांडणारें मात्र कोणी उरलें नव्हतें. बोरिवलीजवळ एक्सर येथें जे वीरगळ उभे आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची रांग व समुद्रावरील युद्ध कोरलेलें आहे. तें याच लढाईचें असावें असें कांहीं विद्वान मानतात.

आणि त्या वेळीं खुद्द तेरांत काय होतें? तेथें तगर हें नांव झिजून झिजून तेर झालें होतें, आणि गांवांत मडकीं भाजलीं जात होतीं. परंपरेप्रमाणें गोरा कुंभाराचा जन्म इ. स. १२६७ चा, म्हणजे सोमेश्वर बुडाल्यानंतर दोनएक वर्षांचा. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या मेळाव्यांतील हा वयानें वडील संत, म्हणून 'गोरोबाकाका'. त्यांच्या दोन कथा महाराष्ट्रांत घरोघर माहीत आहेत. भजनाच्या तंद्रींत चिखल तुडवितां तुडवितां पोटचें मूल पायाखालीं आलें, ही एक. आणि थापटण्यानें संतांचीं डोकीं ठोकून कोणाचें मडकें पक्कें व कोणाचें कच्चें हें पाहिलें, तेव्हां नामदेव कच्चे ठरले, ही दुसरी. ती परीक्षा तेरासच झाली असें गांव सांगतें. या कथांत समुद्र नाहीं, राजे नाहींत, बिरुद नाहीं. माती, आवा आणि थापटणें एवढेंच आहे. परंतु रोमन बादशहाचें तोंड मातींत उतरविणारा कारागीर याच पांढरीचा, हें ध्यानांत घेतलें म्हणजे गोरोबांच्या आव्याचें वय एकाएकीं हजार वर्षांनीं वाढल्यासारखें वाटतें.

तगर म्हणजेच तेर, हें विद्वानांच्या लक्षांत येण्यास मात्र शंभरांवर वर्षें लागलीं. १७८७ सालीं ठाण्याच्या किल्ल्यांत पाया खणीत असतां अरिकेसरी शिलाहाराचा इ. स. १०१७ चा ताम्रपट निघाला. त्याचें भाषांतर कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस' या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडांत आलें, आणि 'तगर'चा धनी म्हणविणारा राजा पाहून विल्फर्ड नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें त्याच खंडांत तगर कोठें असावें याची चर्चा केली. त्याच्या मतें तें देवगिरी. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं जुन्नर सुचविलें, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं धारूर सुचविलें. एकंदरींत जेथें लेणीं, किल्ला किंवा प्रेक्षणीय अवशेष असतील अशीं स्थळेंच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें होतीं. ग्रीक व्यापारी 'फार मोठें शहर' म्हणतो, तेव्हां त्याचा मागमूस मोठाच असला पाहिजे, अशी ती समजूत. विटांचें शहर पडलें म्हणजे त्याची केवळ पांढर होते, हें विसरलें गेलें.

१९०१ सालीं डॉ. फ्लीट यांनीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत हा प्रश्न सोडविला. तगराचें प्राकृतांत तयर, तयराचें तइर, आणि त्याचें तेर, अशी नांवाची उतरंड त्यांनीं लावून दाखविली आणि तिला पैठणहून दहा दिवसांच्या वाटेचा हिशेब जोडला. तेर हें पैठणच्या नीट पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. पण भडोचेस बसून ऐकीव माहिती लिहिणाऱ्यास एवढी सूट दिलीच पाहिजे. त्यानंतर पुराणवस्तु खात्याचे हेन्री कझिन्स स्वतः तेरास गेले आणि त्यांचा वृत्तांत खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालांत छापला गेला.

कझिन्स यांस तेथें त्रिविक्रमाचें देऊळ दिसलें. आंत वामनावताराची मूर्ति आहे, पूजाअर्चा चालू आहे. पण इमारत पाहावी तर विटांची, मागील बाजूस अर्धवर्तुळाकार, आणि छप्पर गाडीच्या तट्ट्यासारखें वळविलेलें. कार्लें-भाजें येथें डोंगरांत कोरलेल्या चैत्यगृहाचा जो घाट, तोच येथें बांधून काढलेला. मूळचें हें बौद्धांचें चैत्यगृह असावें, असें त्यांनीं मत दिलें; याविषयीं पुढें मतभेद झाले, तरी या घाटाची उभी राहिलेली जुनी इमारत उभ्या भारतांत फार विरळा, हें सर्वांस कबूल आहे. आंध्रांत चेझर्ला येथें अशीच एक आहे. तेरच्या जुन्या विटा हलक्या व सच्छिद्र असून पाण्यांत टाकल्या तर तरंगतात. दगडाचीं मोठमोठीं देवळें पडलीं आणि या तरंगत्या विटांचें छप्पर टिकलें!

यापुढचें श्रेय मात्र पंडितांइतकेंच गांवांतल्या एका माणसाचें आहे. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांस पांढरींतून निघणाऱ्या वस्तूंचा नाद लागला. ज्या खापऱ्या आणि मणी इतरांनीं उकिरड्यावर टाकावे, ते त्यांनीं वर्षानुवर्षें जमविले, सांभाळले, आणि त्यांतून हजारों वस्तूंचा संग्रह उभा राहिला. १९५८ सालीं चापेकर यांनीं येथें उत्खनन केलें. नंतरच्या उत्खननांत विटांचा एक मोठा स्तूप उघडकीस आला. १९७४-७५ मध्यें डॉ. शां. भा. देव यांनीं पुन्हां खोदकाम केलें. शास्त्रीय काम तें हेंच, आणि थरांवरून काळ ठरविणें यावांचून शक्य नाहीं. परंतु खणण्याच्या कुदळी गांवांत येण्यापूर्वीं ज्यानें वस्तु हरवूं दिल्या नाहींत, त्याचें काम आधींचें. तेरचें शासकीय वस्तुसंग्रहालय आतां लामतुरे यांच्याच नांवानें ओळखलें जातें. हस्तिदंती मूर्ति, मातीचीं रोमन नाणीं, दिवे, शंखाच्या बांगड्या, उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लांकडी चौकट, असा तेथील ऐवज.

त्यांतील शंखाच्या बांगड्यांपाशीं थोडें थांबावें. शंख तेरणेंत मिळत नाहीं, तो समुद्राचाच. राजांचीं बिरुदें ताम्रपटांत राहिलीं, ताम्रपट ठाण्यास आणि खारेपाटणास निघाले. पण समुद्राचा हा एवढासा तुकडा तेरच्या कुणा बाईच्या मनगटावर वाढला, फुटला, आणि पांढरींत पडून राहिला.

दरवर्षीं चैत्र वद्यांत गोरोबांच्या समाधीची यात्रा भरते. लातूर, बार्शी, सोलापूर इकडून दिंड्या येतात, तेरणेच्या वाळवंटांत उतरतात आणि टेकाडांच्या कडेनें देवळाकडे जातात. मृग बरसून पांढरीची माती धुपली, कीं त्याच वाटेवर जुन्या खापऱ्या आजहि उघड्या पडतात.